तिऱ्हाइताकडची पिशवी

आमच्या कल्याणच्या वखारीत तांदळापेक्षा परक्यांचे पैसेच जास्त होते, असं मी सांगतो आणि लोक मानतातही. जमिनीचा सौदा ठरला की घेणारा म्हणे, दस्त नोंदल्याशिवाय रुपया सोडणार नाही. देणारा म्हणे, रुपया दिसल्याशिवाय अंगठा उमटवणार नाही. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसे, पण माझ्या वडिलांवर असे. मग राणीच्या छापाचे रुपये पिशवीत घालून ते तिऱ्हाइताकडे, म्हणजे आमच्याकडे, अमानत ठेवायला येत.

या कामाचे नियम वडिलांनी मला दूध सुटायच्या आत पाठ करून घेतले होते. पिशवीचं तोंड दोघांच्या देखत शिवायचं आणि वर लाख लावायची. ती आपल्या गल्ल्याच्या शेजारीसुद्धा ठेवायची नाही. वखारीला आग लागली तर आधी पिशव्या बाहेर काढायच्या, मग मुलं. हे सांगताना वडील हसत, आई हसत नसे. आणि शेवटचा नियम असा, की दोघांनी एकाच वेळी समोरासमोर येऊन एकाने 'दिले' आणि दुसऱ्याने 'पावले' म्हटल्याशिवाय लाख फोडायची नाही. "माणूस एकटा असला की एक बोलतो," वडील म्हणत, "आणि दुसऱ्यासमोर दुसरं."

वडील गेले आणि गादी माझ्याकडे आली. त्या वर्षी मोहने गावची एक विधवा बाई आणि तिचा धाकटा दीर यांची पिशवी माझ्याकडे होती. बाईला तिच्या बापाने दिलेलं भाताचं शेत दिराच्या शेताला लागून होतं, ते तो विकत घेत होता. त्या पैशांतून तिला कल्याणच्या कुंभारवाड्यात दोन खोल्या घ्यायच्या होत्या. खोल्यांचा मालक अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबणार होता. तोवर ती शेजाऱ्यांच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या मध्ये निजत होती. त्यांतली एक घोरते, असं ती सांगे.

ठाण्याला जाऊन दस्त नोंदून झाला, आणि दुसऱ्या दिवशी बाई एकटीच वखारीत आली.

"शेट, अंगठा झाला. माजी पिशवी दे."

"दिराला घेऊन या."

"तो नाय यायचा. मी जो उंबरा ओलांडीन, त्यावर तो पाय ठेवनार नाय. गनपतीसमोर बोललाय."

मग सगळं बाहेर आलं. दिराच्या मुलाच्या लग्नात विधवा म्हणून हिला हळदीला पुढे बोलावलं नाही. ही भरल्या पानावरून उठली आणि चार गावांदेखत घर सोडून निघून गेली. अपमानाने भडकून त्याने ती शपथ घेतली. या बाईनेच त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं होतं. पिशवी शिवली तेव्हाही ती आत उभी होती आणि तो रस्त्यावरून मान लांब करून बघत होता. त्याला तंबाखू थुंकायची असेल, असं मला वाटलं होतं. ठाण्यालाही ती कचेरीत असताना तो बाहेर चिंचेखाली बसून राहिला होता.

दुपारी तो आला. पायरीसुद्धा न चढता रस्त्यावरून ओरडला, "शेट, देऊन टाका तिला."

"तिच्यासमोर म्हणा."

"मी म्हनतोय ना. आख्खा बाजार ऐकतोय."

"बाजाराला पिशवी द्यायची नाही मला."

"तुमचा बाप बरा होता," तो म्हणाला आणि गेला. माझा बाप याहून वाईट होता, हे त्याला कोण सांगणार.

तृतीया दोन दिवसांवर आली. खोल्यांच्या मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन बसल्याची बातमी आली. बाई पुन्हा आली आणि पोत्यावर बसून राहिली. तिच्या लुगड्याला शेणाचा वास येत होता. माझ्या हातून नियम मोडत नव्हता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. मी नियम उलटा केला, सुलटा केला, सत्यनारायणाच्या पोथीसारखा ओळीने वाचला. तेव्हा ध्यानात आलं, की वडील 'समोरासमोर' म्हणत. उंबऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. उंबरा वखारीला होता म्हणून मध्ये आला होता.

भर बाजारात रुपये उघडे करायचे नव्हते, म्हणून मी दोघांनाही शहाडच्या धक्क्यावर बोलावलं. होडीला उंबरा नसतो. पिशवी पोटाशी बांधून मी मधोमध बसलो. ती पुढे नाळेकडे, तो मागे नावाड्याजवळ. उल्हास नदी त्या दिवशी समुद्राएवढी रुंद झाली होती. न पटेल त्याने नावाड्याला विचारावं.

"बोला," मी म्हणालो.

दिराने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ती वाळली होती.

"दिले," तो म्हणाला. "वयनी, गोठ्यात निजतेस म्हने."

"म्हशी बऱ्या असतात. जेवताना उठवत नाय."

"तुला कोनी उठवली? तू उठलीस."

"पुढं बोलवायला तोंड होतं ना तुला?"

"नव्हतं," तो म्हणाला. "सगले बघत होते. मी भ्यालो."

मी तिच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो. ती 'पावले' म्हणेपर्यंत पिशवी माझीच जोखीम होती, आणि मला पोहता येत नव्हतं.

"पावले," ती म्हणाली.

मी लाख फोडली. तिने रुपये न मोजता पदरात बांधले. होडी काठाला लागली, तेव्हा दीर उडी टाकून आधी उतरला आणि तिला हात दिला.

"भांडी कशी नेशील कुंभारवाड्यात?"

"डोक्यावर."

"उद्या गाडी जुंपून आनतो. दाराबाहेर थांबेन. शपथ हाय."

"बाहेरच थांब," ती म्हणाली. "ओट्यावर घोंगडी टाकते. भाकर बाहेर आनून देईन."