काझीसाहेबांना ऐकू येत नसे

कोणी जवळ येऊन कुजबुजू लागलं की काझीसाहेब कानामागे हात धरायचे. "जरा जोरात बोला, ऐकू येत न्हाई." बहिरे ते बिलकुल नव्हते. परसात शेळीनं कोथिंबिरीला तोंड लावलं तर बैठकीतून ओरडायचे. पण बाईमाणसाची बदनामी त्यांना हळू आवाजात ऐकूच येत नसे. मग सांगणाऱ्याला ती सगळ्या गल्लीला कळेल अशी सांगावी लागे. निम्म्या लोकांना तेवढ्यात घरचं काम आठवायचं.

मस्तगड मोहल्ल्यात त्यांची आणि आमची भिंत एक. त्यांच्या बीबीला मी खाला म्हणायची. पुरुषांपुढे माझं तोंड उघडत नसे, त्यामुळे पडद्याआड खालाजवळ बसून ऐकण्याचं काम मला छान जमलं.

आमच्या गल्लीत अब्रूदार माणसांची कमी नव्हती, हे तुम्ही आपापल्या गल्लीवरून ओळखलंच असेल. सर्वांत अब्रूदार गुत्तेदार. निजाम सरकारच्या सडका बांधायचे. सडक एका पावसात वाहून जाई, अब्रू मात्र पक्की. कोणाचाही निकाह असो, गवाह म्हणून पुढच्या बिछायतीवर तेच.

त्यांच्या भाच्यानं पिंजाऱ्याच्या लेकीवर जबरदस्ती केली. रजया पोचवायला गेली होती, त्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली हळहळली, गुत्तेदारांच्या अब्रूचं आता कसं होणार म्हणून. आमच्या हिंदू लोकांनीही माना हलवल्या, "त्यांच्यात असं चालतंच." आमच्यात चालत नाही. आमच्यात अशा पोरीला लांबच्या गावी बिजवराला देऊन टाकतात, आणि मग चालत नाही असं म्हणतात.

गुत्तेदार काझीसाहेबांच्या कानाशी वाकले. हात कानामागे गेला.

"पोरगीच तसली आहे," गुत्तेदारांना ओरडावं लागलं. "तिची मर्जी होती!"

"तुम्ही पाह्यलं?"

"न्हाई, पण..."

"मंग पाह्यलेले चार गवाह आणा."

"गवाह तिनं आणायचे. शरीयत आहे!"

"तिच्या फिर्यादीला अदालत आहे, मियाँ. बाईवर बदचलनीची तोहमत घेणाऱ्यानं चार गवाह आणायचे. न आणले तर चाबकाचे ऐंशी कोडे, अन् जन्मभर त्याची गवाही बाद. जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्यावर गुनाहच न्हाई." काझीसाहेब हसले. "कोडे सरकारनं स्वतःकडं ठेवलेत, मला फक्त निकाह दिलेत. तवा आजपासून माझ्या निकाहात तुमची गवाही न्हाई."

गुत्तेदारांचा चेहरा असा झाला की कोडे परवडले असते.

पण अब्रूदार माणूस लवकर हार मानत नाही. त्यांनी पिंजाऱ्याला समजावलं, भाच्याशीच निकाह लावू, सगळं धुतलं जाईल. पिंजारी गुत्तेदारांच्याच जागेत राहायचा, त्यामुळे त्याला चटकन समजलं. ज्याच्या भीतीनं पोरगी झोपत नव्हती, त्याच्याच घरात तिला जन्मभर सुरक्षित ठेवायचं ठरलं.

निकाह काझीसाहेबांच्या बैठकीत. पडद्याआड खाला आणि मी पोरीला धरून बसलो होतो. काझीसाहेब पडद्याजवळ आले.

"बेटी, कबूल आहे?"

मी दचकलेच. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता, अक्षता पडल्या होत्या. मला काही विचारल्याचं आठवत नाही.

पोरगी बोलली नाही.

"चुप्पी म्हणजे हां," गुत्तेदार बाहेरून म्हणाले. "कुंवारी पोर लाजते."

"लाजेची चुप्पी हां असते. भीतीची न्हाई."

पोरीनं ओढणी तोंडात कोंबली होती, तरी हुंदका फुटलाच. पडद्याच्या फटीतून मला काझीसाहेबांचा हात कानामागे जाताना दिसला.

"जरा जोरात, बेटी. इथल्या शरीफ लोकांना ऐकू येत न्हाई."

"न्हाई!" ती किंचाळली. "न्हाई कबूल!"

काझीसाहेब बैठकीकडे वळले. "झालं. आता जेवून जा, बिर्याणी गार होऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याला टांग्यात शेजारी बसवून ते अदालतीत गेले. भाच्याला कैद झाली. अपिलात ती निम्मी झाली, चांगल्या घराण्याला तेवढी सवलत असतेच. पिंजाऱ्याला जागा सोडावी लागली. मग त्यांचं बिऱ्हाड काझीसाहेबांच्या परसात आलं आणि शेळीची पंचाईत झाली.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीच काझीसाहेब गेले. बरं झालं. पुढचं सगळं त्यांना हळू बोललं तरी ऐकू आलं असतं.

नवे काझी आले. आवाज गोड, घाई फार. त्यांच्या पहिल्याच निकाहात नवरी पडद्याआड रडत होती. बाहेर कोणी तरी म्हणालं, चुप्पी म्हणजे हां, आणि दुआला हात वर गेले. खाला बायकांत बसली होती. इतक्या वर्षांत ती पुरुषांपुढे बोलली नव्हती. काझीसाहेबांचं बोलणं दोघांना पुरायचं.

"पोरगी रडून राह्यली," ती पडद्यातून म्हणाली. "पुन्हा विचारा."

बाहेर दुआचे हात खाली आले. मग नवे काझी उठले आणि पडद्याजवळ आले.