मशिदीच्या वहीतली आई

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे यहुदी. आमच्या प्रार्थनाघराला आमच्यात मशीदच म्हणतात, त्यामुळं नळदुर्गात शेजारच्या मुसलमान बायका आम्हाला आपल्यातलंच धरायच्या. बाबा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते, निजाम सरकारची नोकरी. अख्ख्या गावात आमच्या धर्माचं घर एकच. घरात जन्म, लग्न, मरण काहीही झालं तरी ते पुण्याच्या मशिदीत कळवायचं आणि तिथल्या वहीत त्याची नोंद व्हायची, अशी रीत होती. बाबांनी मात्र वर्षानुवर्षं काहीच कळवलं नव्हतं. त्याचं कारण माझी आई.

बाबांची पहिली बायको पुण्याची. ते लग्न वहीत होतं. नळदुर्गला आल्यावर दुसऱ्याच वर्षी ती तापानं गेली. मूल नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं ती गेल्याचं पुण्यात कुणाला ठाऊकही नव्हतं. मग बाबांनी जवळच्या खेड्यातल्या एका कुणबी विधवेला घरात आणलं. ती आमची आई. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायला, मटणाला मीठ लावून रक्त काढायला ती बाबांकडूनच शिकली. पण असल्या बाईच्या मुलांना आमच्यात काळे इस्रायल म्हणत. कातडीचा संबंध नाही. ताई चांगली गोरीपान होती. काळ्यांची मुलगी गोरे, म्हणजे आईबाप दोघंही इस्रायल असलेले, करून घेत नसत.

ताईची दोन स्थळं अशीच परत गेली. तिसरं पुण्याचं आलं. मुलाकडच्यांनी मशिदीच्या मुकादमांकडं, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांकडं, चौकशी केली आणि मुकादमांनी बाबांना पत्र टाकलं, घरातले जन्म-मृत्यू कळवा, वही पुरी करून घेतो.

माझं अक्षर चांगलं, म्हणून बाबांनी मला लिहायला बसवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. ताईचा जन्म लिहिला, आईच्या जागी पहिल्या बायकोचं नाव. माझा जन्म, पुन्हा तेच नाव.

"आता तिचा मृत्यू," बाबा म्हणाले. "तुझ्या बाळंतपणात गेली असं लिही."

"आणि आई?"

"तिचं कुणी विचारलेलं नाही."

आई तिथंच ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही की गं. मला कुठं वाचाया येतंय."

मी लिहिलं.

पाहुणे सोलापूरपर्यंत आगगाडीनं आणि तिथून मोटारीनं यायचे होते. आदल्या दिवशी ताईनं आईला पुढ्यात बसवून तिच्या गळ्यातली पोत सोडवली. "एका दिवसाचं तर आहे, आई," ती म्हणाली. आईनं मान खाली घातली, गाठ सापडावी म्हणून.

मुलाची आई मोठी चौकस. आईनं चहा आणून ठेवला तशी तिनं मला विचारलं, "ही बाई कोण गं?"

"कामाला आहे."

"आपल्यातली?"

"नाही. कुणबी."

"अगं बाई! आणि मटणाला हात लावू देता हिला?" मग आईकडं वळून, "तू बाहेर बैस. आमचं जेवण होईतो आत येऊ नकोस."

आई उठली. अंगणात भर उन्हात भिंतीला टेकून बसली. आम्ही जेवलो. मटण तिनंच रांधलं होतं. ताईनं दोनदा वाढून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी बाहेर गेले. वाटलं, आता ती मला मारील. ती म्हणाली, "लई नीट बोललीस. अडखळली न्हाईस." त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

लग्न पुण्यात झालं. आईला नेलं नाही. वर्षभरानं ती पटकीनं गेली, दोन दिवसांत. बाबांनी तिला पहिल्या बायकोशेजारी पुरलं आणि वर दगड लावला नाही, न जाणो कुणी वाचेल. मी ताईला कळवलं. आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. 'घरातली जुनी बाई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आता स्वयंपाकाचं कोण बघतं?' सासू वाचत असणार, हे मला कळत होतं. तरी मी ते कार्ड चुलीत घातलं.

निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ बाबाही गेले. मग मी पुण्याला मुकादमांकडं गेले आणि सगळं खरं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. त्यानं वही उघडली, टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "करू दुरुस्ती? पण मग तुम्ही दोघी काळ्यांत. बहिणीच्या मुलीही. नीट विचार करून सांग."

ताईच्या दोन्ही मुली आदल्या रात्री माझ्या अंगाला बिलगून झोपल्या होत्या.

"राहू द्या," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी माझंही लग्न त्याच मशिदीत झालं. नोंद करताना मुकादमांनी सगळ्यांदेखत मला आईचं नाव विचारलं. नवऱ्याकडचे ऐकत होते. मी पहिल्या बायकोचं नाव सांगितलं. मुकादमांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं.