भक्कम पट्टी

पंपाचा वॉशर घ्यायला दुकानात गेलो, तर काउंटरवर दोन पट्ट्या काढून ठेवलेल्या. चेनसॉची साखळी जिच्यावर फिरते, ती लांब पट्टी. एक सबंध पोलादी, जाडजूड. दुसरी मधून कोरून हलकी केलेली. घेणारे शेठ एका आमराईचे मालक. त्यांच्यामागे उभा गणपत, कमरेला दोर बांधून झाडावर चढणारा आणि फांद्या उतरवणारा.

"हलकी घ्या शेठ," गणपत म्हणाला. "वर दिवसभर मशीन पेलायची असते. खांदे भरून येतात."

"टिकायला दोन्ही सारख्याच," दुकानदारानेही सांगितलं. "फक्त अधूनमधून उलटून लावायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात."

"ते मी रोज करतोच," गणपत म्हणाला.

शेठनी ऐकल्यासारखं केलं आणि जाड पट्टी तळहातावर तोलली, तांब्याची कळशी घेताना तोलतात तशी. "वस्तू कशी हातात भरली पाहिजे!"

कुणाच्या हातात, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. घरोघरचे हंडे असेच पुरुषांनी दुकानात टिचक्या मारून पसंत केले आणि बायकांनी जन्मभर कमरेवर वाहिले. ज्याला उचलायचं नसतं, त्यालाच वजनाचं केवढं कौतुक! या असल्या जाणकारीची मला किळस येते.

शेठनी जाड पट्टीच घेतली. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"गणपत, धर रे ही. मनगट दुखायला लागलं माझं."