टोडीच्या बिळापासून सहा पावलं

मी ब्रिटिश आर्मीत होतो हे कळलं की लंडनजवळच्या पिनरमधली आपली मराठी मंडळी हमखास विचारतात, "काका, किती युद्धं पाहिलीत?" एकही नाही. माझा माणूस गेला तो जमैकात, जंगल ट्रेनिंगच्या नवव्या दिवशी, भर दुपारी.

मी कॉर्पोरल होतो, आठ जणांच्या सेक्शनचा कमांडर. माझा सेकंड-इन-कमांड लान्स कॉर्पोरल डेल्रॉय. जन्म बर्मिंगहॅमचा, आजी जमैकाची.

जंगलात हॅमॉक, म्हणजे झोपायची झोळी, झाडांना बांधण्याआधी वर बघायचं. वाळकी फांदी दिसली तर जागा सोडायची. प्रत्येक जागा कमांडरनं स्वतः तपासायची, असा नियम.

डेल्रॉयचा हॅमॉक मातीच्या एका दरडीला लागून होता. दरडीत टोडीचं बीळ होतं. टोडी म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, पोपटी पाठ, लालभडक गळा. त्याची ही जात फक्त त्याच बेटावर सापडते. चोचीत किडा धरून मादी समोरच्या झुडपावर बसून राहिली होती.

१४:१० ला डेल्रॉय आला.

"कॉर्प, माझ्यामुळे ती पिल्लांकडे जात नाहीये. सहा पावलं सरकू?"

मी नकाशात डोकं घालून बसलो होतो. "सरक. लवकर आटप."

१४:४० ला वारा सुटला आणि नव्या जागेवरची वाळकी फांदी डेल्रॉयवर कोसळली. मी रेडिओ घेतला. "नो डफ, नो डफ. वन कॅज्युअल्टी." नो डफ म्हणजे हा सराव नाही, खरं आहे. हेलिकॉप्टर १५:२५ ला आलं. तोवर सगळं संपलं होतं.

चौकशीत मी म्हणालो, पक्ष्यासाठी त्यानं जागा बदलली. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्याची मला अजून लाज वाटते.

आर्मी सोडल्यावर बर्मिंगहॅमला त्याच्या आईकडे गेलो. तिनं चहा दिला. म्हणाली, घरात सगळे त्यालाच बोल लावतात, पक्ष्यापायी कुणाला न विचारता जागा सोडली म्हणतात.

"त्यानं मला विचारलं होतं," मी म्हणालो. "मी हो म्हणालो. उठून वर पाहिलं नाही."

मग तिनं फोन उचलला.

"हे त्याच्या बहिणीला सांग. तूच सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या दुपारी आईनं एकामागून एक चार फोन लावले आणि दर वेळी फोन माझ्या हातात दिला.

लान्स कॉर्पोरल डेल्रॉय, वय सव्वीस. त्यानं विचारलं होतं.