अबोला आणि उजेडाचा ठिपका

घरात माणसं बोलेनाशी झाली की भांडी बोलायला लागतात. बहारीनमधल्या जिदहफ्स गावातल्या एका फ्लॅटमध्ये ऐन ऑगस्टात भांडी फारच बोलत होती, कारण प्रभावतीने नवऱ्याशी अबोला धरला होता.

नवरा दशरथ मूळचा अकोल्याचा, इथल्या एका भारतीय शाळेत लॅब असिस्टंट. मोडकं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, जित्याची खोड! या सुट्टीत त्याने शाळेतून थर्मोपाइल नावाचं जुनं यंत्र घरी आणलं होतं. पितळी भोंगा, त्याच्या तळाशी दोन धातूंचे जोड. त्यांना लांबून हाताची ऊब लागली, तरी किंचित वीज तयार होऊन तारेने जोडलेला इवलासा आरसा हलायचा आणि त्यावरून भिंतीवर पडलेला दिव्याच्या उजेडाचा ठिपका सरकायचा. म्हणजे पूर्वी सरकायचा. आता चाललं तर कपाटात, नाहीतर तुबली गावच्या भंगारात, असं लॅबच्या प्रमुख लीना मॅडमनी बजावलं होतं. कुणीतरी इतक्या निगुतीने घडवलेली वस्तू भंगारात जाणार, या विचारानेच दशरथला वाईट वाटत होतं.

झोताने ठिपका थरथरेल म्हणून या गृहस्थाने चक्क एसी बंद केला. "पप्पा, इट्स बॉइलिंग!" म्हणत लेक श्रावस्ती शेजारच्या खदिजाकडे पळाली. प्रभावतीने तोंड मिटलं ते मिटलंच. दशरथ घाम पुसत भोंग्यापुढे हात धरत राहिला. ठिपका ढिम्म हलेना. जोड तपासले, तारा बदलल्या, काही उपयोग नाही.

"खलास," तो पुटपुटला.

तेवढ्यात प्रभावती तरातरा आली, एसी लावला आणि स्वयंपाकघरात गेली. भांडायचं त्राण दशरथमध्ये उरलं नव्हतं. त्याने यंत्राच्या बाजूंना पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि भिंतीकडे बघत बसून राहिला. खोली गार झाली.

आणि ठिपका सरकला.

दशरथने तर बोटही हलवलं नव्हतं. भोंग्याचं तोंड होतं स्वयंपाकघराच्या दाराकडे. तो वळला. दारात प्रभावती चहा घेऊन उभी होती.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीच अंगाइतकी तापली, तर अंगाची ऊब वेगळी कळणार कशी?

"प्रभा, चहा ठेव अन् नुसता हात कर पुढं."

तिने तळवा पुढे धरला. ठिपका पार कॅलेंडरपर्यंत गेला. दशरथ आनंदाने ओरडलाच.

"ह्या भोंग्याले कळते मी आली ते," ती म्हणाली, "तुमालेच कळत नाही. रोजच उभी राह्यते मी इथं."

दशरथला लाज वाटली आणि बरंही वाटलं. कप एकच होता. त्याने अर्धा चहा बशीत ओतला आणि कप तिच्यापुढे केला.