मशीनच्या दाराला लिंबू-मिरची

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

सकाळी आष्टीच्या एका डेअरीवाल्याचा फोन. "तुमची सर्वो मोटर भंगार हाय, सारखी बंद पडती." मोटर मीच बसवलेली, म्हणून बीडहून तडक गेलो.

मोटर ठणठणीत होती. पॅकिंग मशीनमध्ये पिशवी अडकली की तिथं काम करणाऱ्या सुनंदाताई मशीनचं दार उघडून आत हात घालायच्या आणि मोटर थांबायची. थांबणारच! दुधाच्या पिशव्या चिकटवणारा गरम जबडा हीच मोटर चालवते. हात चिरडू नये म्हणून तर दार उघडताच मोटर बंद करणारा स्विच दाराला दिलाय.

मालक म्हणाला, "तो स्विच काढून टाका. लई टाइम जातोय."

"न्हाई काढणार."

"मग आलता कावून? निघा. आमचा वायरमन काढंल."

मी सुनंदाताईंना म्हणालो, "ताई, स्विच काढला तर आत हात घालू नका."

"मग अडकलेली पिशवी कोण काढंल, दादा?"

निघताना दिसलं, त्याच दाराला ताजी लिंबू-मिरची टांगलेली. मशीनला नजर लागू नये म्हणून हा माणूस दर शनिवारी न चुकता बदलतो. बाईचा हात वाचवणारा स्विच मात्र त्याला जड झालाय.

तुमच्याकडंही आहेत का असले नग?