पाहाबाई

माझी आत्या एका कोशाच्या कचेरीत होती. जगातली सगळी माहिती अकारविल्हे लावून खंडाखंडांनी छापायची, असं ते काम. तिथे तिला सगळे ‘पाहाबाई’ म्हणत. “अधिक माहितीसाठी अमुक नोंद पाहा” असं जिथे जिथे छापलेलं असे, तिथली ती अमुक नोंद खरंच आहे ना, हे आत्याने कार्डांवर ताडून बघायचं. बावीस वर्षं तिने तेच केलं.

‘श’चा खंड छपाईला निघाला तेव्हा आत्या कार्ड हातात घेऊन संपादकांच्या खोलीत अक्षरशः धावत गेली.

“साहेब, ‘खेळ’ या नोंदीत आपण ‘शिट्टी पाहा’ छापलंय. आणि इथे शिक्षण संपतं ते थेट शिडीच लागते. शिट्टी नाहीच!”

“बाई, एका शिट्टीने काय आभाळ कोसळणार आहे?”

“वाचणाऱ्याला आपण घरी बोलावलं, आणि दाराला कुलूप?”

साहेब हसले. “मग तुम्हीच लिहा. शिडीचं चित्र लहान करू. चौदा ओळी, उद्या दुपारपर्यंत.”

आत्या मॅट्रिक. पत्राखेरीज तिने काही लिहिलं नव्हतं. ती तडक खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली, तीन शिट्ट्या घेतल्या आणि आमच्या घरी आली. माझे बाबा लेथवर काम करायचे. त्यांच्याकडून तिने एक शिट्टी उभी कापून घेतली. आतून वाटाण्याएवढी बुचाची गोळी टुणकन बाहेर पडली. मग दुसरीतली गोळी चिमट्याने काढून तिने ती आणि न उघडलेली तिसरी आळीपाळीने फुंकल्या. गोळीवाली थरथरत वाजे, बिनगोळीची सरळ.

“ताई, पुरे आता. शेजारी भांडायला येतील.”

“येऊ देत. त्यांनाही ऐकव. फरक कळतोय का विचार!”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौदा ओळी दोनदा वाचल्या. “हे गोळीचं खात्रीने?” आत्याने पर्समधून दोन्ही शिट्ट्या काढल्या आणि भर कचेरीत वाजवल्या. टायपिस्ट, हिशेबनीस, चहावाला, सगळे दारात गोळा! नोंद छापली गेली. खाली आत्याचं नाव नव्हतं. तरी ओल्या शाईचं ते पान ती घरी घेऊन आली होती.

पुढे लोक जाडजूड खंड घेईनासे झाले आणि कचेरी बंद पडली. आत्या एकाहत्तर वर्षांची असताना मी तिला इंटरनेटवरचा कोश दाखवला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, असा.

“कुणीही? मग तर सावळा गोंधळच!” ती म्हणाली. तेवढ्यात तिचं बोट थांबलं. “हे शब्द लाल का गं?”

“त्यांची नोंद अजून कुणी लिहिलेली नाही.”

आत्या खुर्चीतून उठलीच. “म्हणजे चूक आपली आपणच ओरडून सांगते? आणि मी बावीस वर्षं कपाटं उपसत बसले!”

त्या पानावर ‘बिजागरी’ लाल होती. आत्याने माझ्या न्हाणीघराच्या दाराचे स्क्रू काढायला लावले, बिजागरी उलटीपालटी करून पाहिली आणि एका बोटाने टाइप करत नऊ ओळी लिहिल्या. शब्द निळा झाला. चार मिनिटांत कुणीतरी तिची एक वेलांटी सुधारली आणि खिडकीच्या बिजागरीबद्दल एक वाक्य जोडलं.

“कोण हा? मला ओळखतो?”

“नाही गं.”

“मग इतक्यात वाचलंसुद्धा!” तिने माझा हात घट्ट धरला. “कचेरीत असताना कुणी वाचतं की नाही, ते कधी कळलंच नाही बघ.”

दार आठवडाभर भिंतीला टेकून होतं. तोवर आत्याच्या सहा नोंदी झाल्या होत्या, आणि सातवीसाठी ती माझ्या शिवणयंत्राची बॉबिन मागत होती.